गच्चीवरची वीज : सहा बिलांचा हिशेब

यंदा मंडळाच्या तिळगूळ समारंभात लाडवांइतकीच लाइट बिलांचीही देवाणघेवाण झाली. कुणाच्या मोबाइलवर बिलाचा फोटो होता, तर कुणी चक्क घडी घालून खिशातून आणलं होतं. एकाचं बिल उणे आलेलं, त्यामुळे तो खुशीत. दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा मोठी सोलर यंत्रणा बसवलेली, तरी उन्हाळ्यात दोन हजार भरावे लागलेले, त्यामुळे तो एजन्सीवाल्यावर चिडलेला. एका वहिनींचा प्रश्न अगदी सरळ होता : "मुलगा म्हणतो लावून घे, पण आम्ही घरात दोघंच. आम्ही लावून करायचं काय?"

बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकड्यांचा कागद दिसला की आमचा चष्मा आपोआप नाकावर येतो. तरीही त्या संध्याकाळी वहिनींना नीट उत्तर देता आलं नाही, कारण ते एका बिलात सापडत नाही. घरी आल्यावर आम्ही दोघांनी फाइल काढली आणि गेल्या वर्षाची सहाही बिलं टेबलावर मांडली. आमच्याकडे बिलांची फाइल सौभाग्यवतींच्या ताब्यात असते, त्यामुळे एकही कागद गहाळ नव्हता. पुढचं सगळं त्या टेबलावरून निघालेलं आहे.

आधी योजनेबद्दल थोडं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरं हे तिचं लक्ष्य असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. अनुदान १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून कितीही मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये. शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. तीनच्या पुढे अनुदान एक रुपयानंही वाढत नाही. गेल्या सप्टेंबरात सोलरच्या सामानावरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गुजरात घरगुती सोलरमध्ये देशात पुढे आहे, आणि बडोद्यातल्या कुठल्याही उंच इमारतीवरून खाली पाहिलं की ते दिसतंच.

पण या योजनेच्या नावात 'मुफ्त बिजली' हे शब्द आहेत आणि जाहिरातीत ३०० युनिटांचा आकडा आहे. त्यामुळे सरकार दरमहा ३०० युनिटं फुकट देणार, असा समज आपल्यातल्या शिकलेल्या माणसांचाही झालेला आम्ही पाहिला. तसं काही नाही. साधारण ३ किलोवॅटची यंत्रणा महिन्याला तीनशेच्या आसपास किंवा थोडी जास्त युनिटं तयार करते, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. वीज आपल्या गच्चीवर, आपल्या पैशानं घेतलेल्या पॅनेलवर तयार होणार आणि तिचा हिशेब आपल्या मीटरवर होणार. म्हणून हा हिशेब कसा होतो, ते कळणं महत्त्वाचं.

नेट मीटर म्हणजे एक पासबुक आहे असं समजा. दिवसा पॅनेलची वीज घरात वापरून उरली तर ती बाहेर जाते आणि जमा होते. रात्री आपण बाहेरून वीज घेतो, ती नावे पडते. बिलाच्या मुदतीत, म्हणजे आपल्याकडे दोन महिन्यांत, जमा आणि नावे एकमेकांतून वजा होतात. इथपर्यंत युनिटाला युनिट, भेदभाव नाही. पण मुदत संपली की हे खातं बंद होतं. जमा बाजूला काही उरलं तर ते पुढच्या बिलात युनिट म्हणून येत नाही, त्याचे पैसे मिळतात. आमच्या करारात तो दर युनिटाला २.२५ रुपये आहे. महाराष्ट्रात उरलेली युनिटं आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढे ओढता येतात. त्यामुळे पुण्याच्या भावानं सांगितलेलं गणित बडोद्यात लागू पडत नाही, आणि आपल्याकडचे निम्मे गैरसमज तिथूनच आलेले आहेत.

आपण विकत घेतो त्या युनिटाची किंमत किती, तेही पाहू. पहिल्या ५० युनिटांना महिन्याला ३.०५ रुपये, पुढच्या ५० ला ३.५०, त्यापुढच्या १५० ला ४.१५ आणि अडीचशेच्या वर ५.२०. त्यावर इंधनाचा अधिभार, जो बदलत असतो. आम्ही हिशेबाला २.४० धरला. या सगळ्यावर शहरात १५ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिलं युनिट सव्वासहा रुपयांच्या आसपास पडतं आणि उन्हाळ्यातल्या एसीचं युनिट पावणेनऊच्या घरात जातं. विकायला गेलं तर सव्वादोन रुपये. घेणं आणि देणं यांतला हा फरक समोर ठेवला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आता आमची बिलं. आमच्या गच्चीवर सहा पॅनेल आहेत, एकूण ३.२४ किलोवॅट. डिसेंबर-जानेवारीत वीज तयार झाली ६६०, घरात लागली ३२०. फेब्रुवारी-मार्चमध्ये ८०० तयार, ४२० खर्च. एप्रिल-मेमध्ये तयार ९००, पण खर्च ९८०, कारण दोन एसी आणि सुटीत आलेली नातवंडं. जून-जुलैत पॅनेलनी ६४० दिली आणि घरानं ८६० खाल्ली. ऑगस्ट-सप्टेंबरला ५८० विरुद्ध ६००, ऑक्टोबर-नोव्हेंबरला ७२० विरुद्ध ४८०. वर्षाची बेरीज केली तर तयार ४,३०० आणि खर्च ३,६६०. वर्षाला ६४० युनिटं शिल्लक. तरी आम्ही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मिळून ३२० युनिटं विकत घेतली, साधारण २,१०० रुपयांची. आणि थंडीत व दिवाळीच्या आसपास मिळून ९६० युनिटं विकली, त्यांचे मिळाले २,१६०. देणं-घेणं जवळजवळ बरोबरीत सुटलं. वर फिक्स चार्ज, तो किरकोळ आहे आणि सुटत नाही.

सोलर नसतं तर याच वापराचं वर्षाचं बिल २७,५०० च्या आसपास गेलं असतं. यंत्रणेला अनुदान वजा जाता आम्हाला ९७,००० रुपये पडले. म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला अठ्ठावीस टक्के. आमच्या नोकरीच्या काळात कुणी ठेवीवर अठ्ठावीस टक्के देतो म्हटलं असतं, तर आम्ही त्या माणसाला बसवून घेऊन आधी हेड ऑफिसला फोन केला असता.

आमच्याकडे आलेला एजन्सीचा मुलगा चुणचुणीत होता. "काका, तीन कशाला, पाच घ्या. बिल झीरो आणि वर कंपनीच तुम्हाला पैसे देईल." तेव्हा आम्ही पाच घेतले नाहीत ते हुशारीमुळे नव्हे, उरलेल्या गच्चीवर पापड-सांडगे वाळवायला जागा हवी, असं घरातून बजावलं होतं म्हणून. आज तो हिशेब करून पाहिला. आणखी २ किलोवॅटला लाखभर रुपये लागले असते आणि त्यावर अनुदान शून्य. त्यातून वर्षाला २,६५० युनिटं जास्त निघाली असती. त्यांतली ३२० आमची विकतची वीज वाचवतात, म्हणजे २,१०० रुपये. उरलेली २,३३० सव्वादोन रुपयांनी गेली असती, म्हणजे ५,२४० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला साडेसात हजारही नाहीत. लाखावर सात-साडेसात टक्के.

ठेवीएवढंच मिळालं की, असं कुणी म्हणेल. पण ठेवीत व्याज घेऊन मुदतीअखेर मुद्दल परत येतं. इथे जे येतं त्यातच मुद्दलही आहे. तेरा-चौदा वर्षांनी लाख रुपये फिटणार, आणि तोवर इन्व्हर्टर बदलायची वेळ आलेली असणार. पासष्ट ओलांडलेल्या माणसानं हा सौदा कशासाठी करावा? पहिल्या ३ किलोवॅटनी महागड्या टप्प्यांतली युनिटं खाल्ली, म्हणून अठ्ठावीस टक्के दिसले. पुढच्या किलोवॅटच्या वाट्याला स्वस्तातली युनिटं आणि विक्री एवढंच उरतं. समारंभात उणे बिल अभिमानानं दाखवणाऱ्या आमच्या मित्राला हे सांगायला आम्हाला जरा जड गेलं. सतत उणे येणारं बिल म्हणजे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा. त्यांनी सहा किलोवॅटसाठी मुदत ठेव मोडली होती.

घरात इलेक्ट्रिक स्कूटर किंवा गाडी येणार असेल, मुलगा-सून परत येऊन वरच्या मजल्यावर दोन एसी लागणार असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मोठी यंत्रणा घ्यावी, किंवा सुरुवातीला इन्व्हर्टर थोडा मोठा घेऊन पॅनेल नंतर वाढवावेत. "पुढेमागे लागेल" एवढ्यावर मात्र घेऊ नये.

ठेव मोडण्यावरून आठवलं. या योजनेत ३ किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत विनातारण कर्ज मिळतं, आणि त्याचा दर रेपोपेक्षा अर्धा टक्का जास्त एवढाच ठरवून दिलेला आहे. २०२५ च्या सुरुवातीला रेपो ६.५० होता, तो वर्षअखेर ५.२५ वर आला. म्हणजे कर्ज पावणेसहाच्या आसपास. ज्येष्ठांची दोन-तीन वर्षांपूर्वी ठेवलेली मुदत ठेव सात-साडेसातवर असेल तर ती मोडून, दंड भरून, पॅनेल घेण्यात काय अर्थ आहे? कर्ज घ्यावं आणि बिलातून वाचलेल्या पैशातून हप्ता भरावा. व्याजावर ज्यांना आयकर भरावा लागतो, त्यांनी तोही हिशेबात धरावा. वयाची अट आडवी आली तर मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करून बँका मार्ग काढतात. हा दर बदलता असतो. रेपो चढला की हप्ताही चढेल, याची तयारी ठेवावी.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे लाइट बिलावर नाव कुणाचं आहे. हे आपल्या जुन्या बडोदेकर घरांचं खास दुखणं. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या कितीतरी घरांत बिल अजून आजोबांच्या नावानं येतं, घर वडिलांच्या नावावर आणि बँक खातं आपल्या. अनुदान थेट खात्यात जमा होतं, आणि बिलावरचं नाव व खात्यावरचं नाव जुळलं नाही तर ते अडकतं. आमच्या नात्यातल्या एका घरी पॅनेल बसले, वीज सुरू झाली, पण वारसांच्या सह्या गोळा करेपर्यंत अनुदानाची वाट पाहावी लागली. नाव बदलायला भावंडांची संमती लागते, आणि ती निवांतपणे मागितलेली बरी.

समारंभात आणखी एक सल्ला ऐकला : वॉशिंग मशीन, पंप, गीझर सगळं दुपारी बारा ते तीनमध्येच लावायचं. त्यासाठी एक वहिनी जेवणानंतरची वामकुक्षी सोडून मशीनपाशी उभ्या राहतात म्हणे. आजच्या घडीला आपल्या बिलावर याचा काही परिणाम होत नाही. दुपारी दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटाशी वजा होतंच. वहिनींनी खुशाल झोपावं.

पण हे असंच राहील असं नाही. दुपारच्या विजेचा भाव देशभर उतरतो आहे, कारण सोलर वाढल्यामुळे दुपारी वीज मुबलक असते आणि ओढाताण होते ती संध्याकाळी सात ते दहा. केंद्र सरकारनं जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून वेळेप्रमाणे दर लावायचं धोरण ठरवलं : उन्हाच्या तासांत १० ते २० टक्के स्वस्त, जास्त मागणीच्या तासांत तेवढेच महाग. शेती वगळता बाकीच्या ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीखही त्यात होती, मात्र आधी स्मार्ट मीटर बसायला हवा. आपल्या शहरात मे २०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले ते सर्वांना आठवत असेल. महाराष्ट्रात २०२५ साली महावितरणच्या दरप्रस्तावावरून सोलरवाल्या ग्राहकांनी हरकती घेतल्या, त्याही याच मुद्द्यावर : दुपारी दिलेली वीज रात्रीच्या विजेशी वजा करू द्यायची की नाही. आपल्याकडे हा प्रश्न आज दारात नाही. तो आला, तर दुपारी कपडे धुण्याला किंमत येईल आणि ज्यांनी विकण्याच्या आशेनं मोठी यंत्रणा बसवली, त्यांना पहिला फटका बसेल. वीस-पंचवीस वर्षं चालणारी वस्तू घेताना नियम तितकी वर्षं टिकतील असं धरून चालू नये. आपल्या गरजेपुरती यंत्रणा असलेल्याला या बदलांची झळ कमी लागते.

आता गच्चीवर जाऊ. बसवलेल्या यंत्रणेतून पूर्ण वीज काढायची तर पहिला शत्रू धूळ. २०१७ साली आयआयटी गांधीनगर आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी गांधीनगरच्याच पॅनेलवर मोजमाप केलं. काही आठवडे न पुसलेले पॅनेल साफ केले की वीज सुमारे ५० टक्क्यांनी वाढत असे. आपल्याकडची हवा काही वेगळी नाही, त्यात रस्ते आणि बांधकामं सतत चालू. पावसाळ्यानंतर पॅनेल धुऊन निघाले असं समजून लोक मार्चपर्यंत वर जातच नाहीत. आम्ही दर पंधरा दिवसांनी, सकाळी सातच्या आत, मऊ स्पंजनं पुसतो. साबणाची पावडर नाही, घासणी नाही. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी तर मुळीच नाही. बोअरचं पाणी वापरू नये, त्याचे पांढरे डाग बसतात आणि ते निघत नाहीत. आजव्याचं नळाचं पाणी उत्तम. सयाजीराव महाराजांनी केलेली ती सोय अशीही उपयोगी पडते.

उत्तरायणानंतर मात्र प्रत्येकानं एकदा वर जावंच. मांजा पॅनेलच्या कडांत, तारांत अडकतो. तो ओढू नये, कात्रीनं कापून काढावा. पतंग काढायला शेजारची मुलं पॅनेलवर चढतात. आमच्याकडे एक चढला होता आणि वर "काका, काच फुटली नाही" असंही सांगून गेला. वरून फुटलेली दिसत नाही, पण आतल्या पेशींना बारीक तडे जाऊ शकतात. माकडांना तर आपण काय सांगणार!

दुसरा शत्रू सावली. एजन्सीवाले हे पुरेसं सांगत नाहीत. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तर तेवढंच नुकसान होऊन थांबत नाही, त्याची झळ ओळीतल्या बाकीच्यांना लागू शकते. आमच्या पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात साडेतीननंतर एका पॅनेलवर पडत असे. पॅनेल मे महिन्यात बसवले होते आणि तेव्हा सूर्य डोक्यावर, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. प्लंबर बोलावून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवली, एवढंच. बसवण्यापूर्वीच विचारावं की डिसेंबरातल्या उन्हात सावली कुठे पडेल. शेजारचा मजला चढवणार आहे का, हेही सहज गप्पांत काढून घ्यावं.

तिसरी गोष्ट उष्णता. ऊन जास्त तर वीज जास्त हे खरं, पण पॅनेल तापला तर वीज घटते. त्याची क्षमता २५ अंशाला मोजलेली असते, आणि त्यावर प्रत्येक अंशाला एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास घट होते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेला तर बारा-चौदा टक्के तिथेच गेले. आपल्या बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचं सोलर केंद्र आहे. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. तिथे खालच्या पाण्यामुळे पॅनेल थोडे थंड राहतात. आपल्या गच्चीवर कालवा नाही, पण पॅनेलखालून वारा खेळता ठेवणं आपल्या हातात आहे. तिथे जुन्या खाटा, कुंड्या, दिवाळीचे रिकामे खोके रचू नयेत.

सर्वांत मोठं नुकसान मात्र आमचं धुळीनं किंवा सावलीनं केलं नाही. ते आमच्याच बेफिकिरीनं केलं. मागच्या वर्षाआधीच्या पावसाळ्यात इन्व्हर्टरजवळचा एक स्विच ट्रिप होऊन पडला होता. पावसाळा आहे, वीज कमी येणारच, असं आम्ही समजत राहिलो. मोबाइलमधलं ॲप मुलानं लावून दिलं होतं, त्याचा पासवर्ड विसरलो होतो. बिल आलं तेव्हा सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, गेल्या वर्षी याच बिलात इतकी युनिटं कशी नव्हती लागली?" तेव्हा वर जाऊन पाहिलं. महिना उलटून गेला होता. बसवणाऱ्या एजन्सीनं पाच वर्षांची देखभाल करारात लिहून दिली होती, पण त्यांच्याकडून कुणी फिरकलं नव्हतं, आणि आम्हीही बोलावलं नव्हतं. आता रोज रात्री इन्व्हर्टरवरचं त्या दिवसाचं युनिट कॅलेंडरच्या चौकटीत लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. दहा-बाराचा आकडा एकदम चारवर आला आणि आभाळ तर निरभ्र आहे, तर काहीतरी बिघडलं आहे.

मुलांकडे पुण्याला किंवा अमेरिकेला चार-पाच महिने जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. आपली पिढी घर बंद करताना मेन स्विच पाडून, गॅस बंद करून, तुळशीची सोय लावून निघते. बऱ्याच घरांत सोलरची जोडणी मेन स्विचच्या घराकडच्या बाजूला असते. मेन पाडला की इन्व्हर्टरला बाहेरची वीज दिसत नाही आणि तो बंद पडतो. भर उन्हात पॅनेल चार महिने नुसते पडून. वायरमनला एकदा विचारून कुठला स्विच पाडायचा आणि कुठला नाही, तिथे चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

बाहेरची वीज गेली की सोलरही बंद, हे पुष्कळांना ऑगस्ट २०२४ च्या पुरात पहिल्यांदा कळलं. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या भागात तीन दिवस वीज नव्हती. पाणी ओसरल्यावर ऊन पडलं, डोक्यावर सहा पॅनेल, आणि घरात मेणबत्त्या. शेजारचे विचारत होते, तुमच्याकडे सोलर आहे ना, मोबाइल चार्ज करून द्या. ही काही यंत्रणेतली खोट नाही. तारा जोडणारा वायरमन खांबावर असताना आपल्या गच्चीवरून वीज उलटी गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून ती बंद पडते आणि पडायलाच हवी. बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा घेतली तर हे टळतं, पण ती बरीच महाग पडते आणि बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. आमचं मत असं की दोन पंखे, चार दिवे आणि मोबाइल यांच्यासाठी जुना घरगुती बॅटरी-इन्व्हर्टर पुरेसा आहे. सोलर आलं म्हणून तो भंगारात देऊ नये.

त्याच पुरात आमच्या एका आप्तांचा सोलर इन्व्हर्टर गेला. तार कमी लागावी म्हणून तो तळमजल्यावर पार्किंगच्या भिंतीला लावला होता. कंपनीची हमी बिघाडासाठी होती, पुरासाठी नव्हती. घराचा विमा होता, पण पॅनेल आणि इन्व्हर्टर त्यात कधी नोंदवलेच नव्हते. नदीपासून लांब राहणाऱ्यांनीही इन्व्हर्टर पहिल्या मजल्याच्या वर, सावलीत आणि हवेशीर जागी बसवून घ्यावा. आणि विमा कंपनीला यंत्रणेची किंमत लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी. तोंडी सांगितलं होतं, हे दाव्याच्या वेळी चालत नाही. पस्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूनं आम्ही हेच पाहिलं आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही, कारण गच्ची सगळ्यांची. पण सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय आणणाऱ्यानं सोसायटीच्या कॉमन मीटरची वर्षभराची बिलं आधी काढून न्यावीत. त्याशिवाय चर्चा पार्किंगवर घसरते, असा आमचा अनुभव आहे.

आता त्या वहिनींचं उत्तर. त्यांची बिलं आम्ही नंतर मागवून पाहिली. घरात दोघं, एक एसी आणि तोही रात्री चार तास, वापर सरासरी महिना १२० युनिटं. वर्षाचं बिल साडेनऊ हजारांच्या जवळपास. त्यांना एजन्सीवाल्यानं ३ किलोवॅट सांगितले होते. त्यांना १ पुरेल. अनुदान वजा जाता चाळीस हजारांच्या आत बसेल आणि वर्षाला आठ-साडेआठ हजार वाचतील. थंडीत दोन महिने नाशिकला मुलीकडे जातात, तेवढी युनिटं सव्वादोन रुपयांनी जातील, जाऊ देत. बिल अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर आहे, ते आधी बदलायचं आहे. दीर इंदूरला असतात, होळीला येतील तेव्हा सही होईल.

आणखी कुणाला असा हिशेब करून हवा असेल तर आम्ही रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या वाचनालयात असतो. येताना बिलं आणावीत. एक नको, सहा आणावीत.